घड्याळातली लाख



स्थानकात भेट झाली की हल्ली तुमच्यातल्या बऱ्याचजणी तब्येत, सुना, नातवंडं सगळं बाजूला ठेवून आधी विचारतात, "काय मग, घड्याळं काय म्हणतात?" बहुतेकींचा प्रश्न गमतीचा असतो. पण गेल्या पर्युषणात दोघीतिघींनी मला कोपऱ्यात घेऊन जरा हळू आवाजात विचारलं, "त्यात लाख असते म्हणे, खरं का?" तेव्हा व्याख्यान सुरू व्हायचं होतं, म्हणून नुसती मान हलवली होती. आज सविस्तर लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडंसं. मी गेली सहा वर्षं जुनी, खिशात ठेवायची, चावीची घड्याळं दुरुस्त करते. छंद म्हणून, पैसे घेत नाही. सुरुवात मात्र छंदातून झाली नाही, गरजेतून झाली. आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, रोज पहाटे दोन सामायिक करतात. त्यांची वाळूची घडी पडून फुटली. नवी आणली ती ४८ मिनिटांची म्हणून घेतली आणि निघाली ४३ मिनिटांची. बाईंना ते कळलं कसं? माळा किती होतात याचा त्यांचा हिशोब साठ वर्षांचा आहे, त्यात पाच मिनिटांची खोट लगेच सापडली.

मग घड्याळ ठेवावं म्हटलं, तर घरात सगळी सेलची. आपल्याकडे यावर सगळीकडे एकच मत नाही हे मला ठाऊक आहे, पण आमच्या घरी पहिल्यापासून सामायिकात सेलचं घड्याळ जवळ ठेवत नाहीत. महासतीजी गोचरीला आल्या की हातातलं घड्याळ आणि मोबाईल आधी दूर ठेवायचा, नाहीतर आपण असूझते होतो, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा बाईंनी कपाटातला स्टीलचा डबा काढला. चांदीची नाणी, एक तुटलेली साखळी, आणि खाली मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं त्यांच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ. चांदीची कव्हरं, पांढरी तबकडी, तिच्यावर वेस्ट एंड वॉच कंपनीचं नाव आणि खाली बॉम्बे, कलकत्ता. नगरच्या अडतीच्या दुकानात बसताना त्यांच्या वडिलांच्या कोटाच्या खिशात ते असायचं. लग्नात त्यांनी ते बाईंना दिलं आणि सांगितलं, "सासरी माणसं खूप आहेत, तुला तुझी वेळ सांभाळावी लागेल." घड्याळ चाळीस वर्षं बंद होतं.

रविवार पेठेतल्या एका बोळात तीन फूट रुंदीचं दुकान आहे. तिथले काका तेव्हा ७६ वर्षांचे होते. त्यांनी घड्याळ उघडलं, भिंग डोळ्याला लावून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, मशीन चांगलं आहे. पण माझा हात आता थरथरतो. बालकमानीला हात लावायची माझी हिंमत नाही." हेअरस्प्रिंगला ते बालकमानी म्हणतात. मी विचारलं, दुसरं कोण करेल? त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही रांगोळी काढता का?" काढते म्हटलं. "ठिपक्यांची की संस्कारभारती?" ठिपक्यांची. "मग या उद्या दुपारी."

असं मी शिकायला लागले. पहिले चार महिने त्यांनी मला बाईंच्या घड्याळाला हात लावू दिला नाही. भंगारातली घड्याळं द्यायची, सोडवायची, परत जोडायची. आधी स्प्रिंगमधला ताण हळूहळू सोडून द्यायचा, मगच बाकी काही. तो सोडायचा राहिला तर चाकं एकदम सुटतात आणि दाते मोडतात. प्रत्येक स्क्रूची जागा वेगळी, दिसायला सगळे सारखे. मी घरून स्टीलच्या छोट्या वाट्या नेल्या, एका पुलाखालचे स्क्रू एका वाटीत. काकांना ती युक्ती फार आवडली. त्यांच्या दुकानात आता सहा वाट्या माझ्या आहेत.

आत काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. चावी दिली की मोठी स्प्रिंग गुंडाळली जाते. तिला उलगडायची घाई असते. ती एकदम उलगडू नये म्हणून वाटेत चाकांची रांग आणि रांगेच्या शेवटी एक नखाएवढा, दोन हातांचा तुकडा असतो. त्याला पॅलेट म्हणतात. तो शेवटच्या चाकाचा एक दात अडवतो, एक सोडतो, परत अडवतो. आपल्याला जी टिकटिक ऐकू येते ती या अडवण्या-सोडण्याची. बहुतेक जुन्या घड्याळांत तासाला १८,००० वेळा हे होतं, म्हणजे सेकंदाला पाच. एका सामायिकात १४,४००. बाईंना हा आकडा सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आणि माझं मन तेवढ्या वेळात किती वेळा बाहेर जाऊन येतं, ते मोजायचं मशीन आहे का?"

पॅलेटच्या दोन हातांच्या टोकांना दोन छोटे लाल खडे बसवलेले असतात. माणकं. धातूवर धातू घासून झिजतो, म्हणून जिथे घासतं तिथे माणिक. १७०४ साली लंडनमध्ये निकोलस फातिओ नावाच्या गृहस्थाने खड्याला भोक पाडून घड्याळात वापरायची पद्धत काढली. पुढे १९०२ मध्ये वेर्नुई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली, तेव्हापासून घड्याळातले खडे कृत्रिम होऊ लागले. तेव्हा घड्याळात माणकं आहेत म्हणून ते फार किमती आहे असं कुणी सांगितलं तर फसू नका. खड्यांची किंमत नगण्य असते, किंमत कारागिरीची असते.

काम करताना मला एक गोष्ट जाणवली आणि ती तुम्हाला सांगायला मला फार आवडतं. वस्तू उचलताना बघून उचलायची, ठेवताना बघून ठेवायची, ही आदान-निक्षेपण समिती आपण लहानपणापासून ऐकतो. पाच समितींमध्ये मला ती नेहमी सगळ्यात सोपी वाटायची. घड्याळ उघडल्यावर कळलं की दिवसात हजार वस्तू आपण न बघता उचलतो. इथे चिमट्याची पकड जरा सैल झाली तर स्क्रू उडतो, जरा घट्ट झाली तरी उडतो. काका म्हणतात, "उचलायचं नाही वहिनी, त्याला यायला सांगायचं." शिवाय तोंडाला कापड बांधावं लागतं, कारण श्वासातल्या दमटपणाने पोलादी भागांवर गंज चढतो. मी पहिल्या दिवशी दुकानात रुमाल बांधून बसले तेव्हा शेजारच्या दुकानदाराने विचारलं, "ताई, सामायिक चालू आहे का?"

आणि जीव बघावे लागतात. जुनं घड्याळ ट्रंकेतून, माळ्यावरून येतं, त्याच्या कव्हरात कधी कसर असते, कधी मुंगी, कधी नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही एवढा पांढरा जीव. धुण्यासाठी भाग पेट्रोलमध्ये बुडवतात. त्याआधी मी कव्हर उघडून भिंगाने चारी बाजूंनी बघते आणि मऊ ब्रशने, आपण पुंजणी फिरवतो तशी, हलक्या हाताने जे असेल ते कागदावर घेऊन कुंडीजवळ ठेवते. काका सुरुवातीला हसायचे. आता कुणाचं घड्याळ आलं की स्वतःच म्हणतात, "थांबा, आधी वहिनींची तपासणी."

आता लाख.

काकांनी मला धुवायला शिकवलं तेव्हा मी सगळे भाग स्पिरिटच्या वाटीकडे घेऊन चालले होते. पेट्रोलनंतर स्पिरिटमध्ये एकदा काढले की चांगले कोरडे होतात. काकांनी पॅलेट माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला. "हा स्पिरिटमध्ये कधी नाही. लाख विरघळेल, खडे निसटतील." मी विचारलं, कसली लाख? ते म्हणाले, "लाख म्हणजे लाख. बांगड्यांची असते ती." भिंगातून दाखवलं. खड्याच्या मागच्या बाजूला तपकिरी, पारदर्शक, मधासारखा एक ठिपका. तोच खड्याला धरून ठेवतो. बॅलन्सच्या चाकाखाली आणखी एक खडा असतो, तोही तसाच बसवलेला. खडा केसभर पुढे-मागे सरकवायचा असेल तर भाग जरासा तापवायचा, लाख मऊ होते, खडा सरकवायचा, गार झाली की घट्ट. दोनशे वर्षांत याच्याहून सोयीचं काही घड्याळजींना सापडलेलं नाही.

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता: लक्खवाणिज्जे. पंधरा कर्मादानांतलं. प्रतिक्रमणात सातव्या व्रताच्या अतिचारात आपण दर वेळी म्हणतो. मी चाळीस वर्षं ते म्हणत आले आणि लाखेचा व्यापार आपल्या घरात कुणी करत नाही म्हणून पुढच्या शब्दाकडे गेले. आपल्यातल्या बहुतेकींचं तसंच होत असणार. कुसुम, पळस, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे रस शोषतात आणि अंगातून राळ सोडून तिच्यातच स्वतःला बंद करून घेतात. माणसं त्या फांद्या तोडतात, राळ खरवडतात, धुतात, वितळवतात. किती जीव जातात याचा हिशोब करायची गरजच नाही. आपल्या देशात हे काम मुख्यतः झारखंड, छत्तीसगडकडे चालतं. रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनाची संस्था १९२४ पासून आहे.

मग मी घरातल्या वस्तूंकडे बघायला लागले. लाखेचे चुडे तर माहीतच होते. माळ्यावरच्या जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या. लाकडी फर्निचरचं जुनं पॉलिश लाखेचं. आणि नातवासाठी आणलेल्या रंगीत, चकचकीत गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात शेलॅक, किंवा ई ९०४. तीही लाखच. काही औषधाच्या गोळ्यांच्या वरच्या थरातही ती असते. हिरवा ठिपका आहे का हे आपण बघतो, पण हा आकडाही बघायला हवा असं मला वाटतं. विषयांतर झालं, पण हे सांगायचंच होतं.

तेलाचं आणखी वाईट. एकोणिसाव्या शतकात घड्याळाचं उत्तम तेल म्हणून जे जगभर विकलं जाई, ते अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदरातून येई. विल्यम नाय यांची कंपनी त्यात नावाजलेली होती. पॉरपॉइज आणि एका जातीच्या लहान देवमाशांच्या जबड्यातून काढलेलं तेल थंडीत गाळून ते बाटल्यांत भरत, कारण ते कडाक्याच्या थंडीतही गोठत नसे. म्हणजे बाईंच्या वडिलांच्या खिशात, त्या चांदीच्या कव्हराखाली, तसलंच काही असण्याची शक्यता होती. वाळून पिवळा थर झाला होता त्याचा. आज कृत्रिम तेलं मिळतात. दोन मिलीची बाटली घ्यायची तर सोनाराकडे गेल्यासारखं वाटतं, पण ती वर्षानुवर्षं पुरते आणि तिच्यात कुणाचा जीव गेलेला नसतो. तेलाचा प्रश्न असा सुटला. लाखेचा सुटत नव्हता.

तोपर्यंत बाईंचं घड्याळ मी धुऊन, जोडून, चालू केलेलं होतं. पंधरा खड्यांचं. दिवसाला जेमतेम मिनिटभर मागे पडायचं. बाईंनी ते कानाला लावलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. "दादांच्या कोटाला कान लावला की असंच यायचं," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून ते सामायिकात बैठकीसमोर ठेवू लागल्या.

अशा वेळी त्यांना जाऊन सांगायचं का, की यात लाख आहे? आमच्या ह्यांचं म्हणणं, सांगू नकोस. ८० वर्षांच्या बाईला सुख मिळतंय, त्यात तू मोडता कशाला घालतेस? आणि लाख शंभर वर्षांपूर्वी लावलेली, तेव्हाचं पाप आता कुठे लागतंय? म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण बाईंनी आयुष्यभर आम्हाला पुडा उघडण्याआधी वाचायला शिकवलं. आईस्क्रीम घेताना दुकानदाराला जिलेटिन विचारणाऱ्या त्या. त्यांच्यापासून त्यांच्याच डोळ्यांसमोरची गोष्ट लपवायची, हे मला जमेना. रविवारी दुपारी त्या गहू निवडत बसल्या होत्या, तेव्हा त्यांच्याबरोबर निवडत निवडत सांगितलं.

त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवस घड्याळ डब्यात गेलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, चौविहार झाल्यावर, त्यांनी मला बोलावलं.

"काढता येते का ती लाख?"

काढता येते, पण मग खडे निसटतात आणि घड्याळ चालत नाही. दुसरं काही लावून पाहिलं तर खडा नीट जागेवर आणता येत नाही आणि काका म्हणतात तशी पुढच्या माणसाची वाट लागते.

"माझ्या लग्नात लाखेचा चुडा होता," बाई म्हणाल्या. "दादांच्या दुकानातून पार्सल जायचं त्याच्यावर लाखेचं सील मारायचे. मी लहानपणी मेणबत्तीवर लाख धरून द्यायची. कुणाला वाटायचं नाही काही. आता तू सांगितलंस म्हणून कळलं. कळल्यावर परत न कळल्यासारखं कसं करू?"

त्या वर्षी आमच्या इथे चातुर्मासाला असलेल्या महासतीजींना मी विचारलं. त्यांनी हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, "तुम्ही नवीन लाख लावता का?" मी म्हटलं, अजून लावलेली नाही, पण पुढे लावावी लागेल. "लावताना दिवा पेटवावा लागेल?" हो. त्यांनी एवढंच म्हटलं, "मग तुमच्यासमोर दोन गोष्टी आहेत. जे झालंय ते आणि जे तुम्ही कराल ते. दोन्ही एकत्र करू नका." मी त्याच दिवशी पच्चक्खाण घेतलं. नवी लाख लावणार नाही, आणि खडा बसवण्यासाठी आधीची तापवणारही नाही.

काकांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा माझ्यावर वैतागले. "मग अर्धं काम सोडूनच दिलंत की!" मग थोडा वेळ गप्प राहिले, खालचा एक गंजका डबा ओढला आणि त्यातून एक जाड, कुरूप, निकेलचं घड्याळ काढून माझ्यासमोर टाकलं. "हे घ्या तुमच्या धर्माचं घड्याळ. यात खडाच नाही."

ते रॉस्कॉफ होतं. त्याची गोष्ट मला नंतर कळली आणि मला ती फार भावली. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ हा मूळचा जर्मन, स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों या घड्याळांच्या गावात राहणारा. कामगाराच्या आठवड्याच्या कमाईत बसेल असं घड्याळ करायचं त्याच्या मनात होतं. आजूबाजूचे कारागीर त्याला हसले, काहींनी भाग बनवून द्यायला नकार दिला, कारण त्यांना ते हलकं काम वाटे. त्याने मधलं एक चाकच काढून टाकलं, भाग कमी करत करत ५७ वर आणले, आणि पॅलेटवर खड्यांच्या जागी पोलादाच्या दोन साध्या पिना बसवल्या. १८६७ मध्ये ते बाजारात आलं, किंमत वीस फ्रँक, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळालं. पिना दाबून बसवलेल्या असतात. त्यांना लाख लागत नाही.

त्या माणसाच्या मनात पैसे वाचवण्याचा हिशोब होता. आपल्या सामायिकाशी त्याचा काय संबंध! पण त्याने जे जे कमी केलं त्यात नेमकी आपल्याला नको असलेली गोष्ट गेली.

रॉस्कॉफ घड्याळाला काका घड्याळ म्हणतच नाहीत, डबा म्हणतात. त्याची टिकटिक इतकी मोठी, की मी दुरुस्त केलेलं पहिलं स्थानकात नेलं तेव्हा पाचव्या ओळीतून एक काकू मागे वळून बघायला लागल्या. आता आम्ही ते लोकरीच्या छोट्या पिशवीत ठेवतो. वेळेलाही ते कच्चं. दिवसाला चार-पाच मिनिटं मागेपुढे होतं. पण हिशोब करा: दिवसाला पाच मिनिटांचा फरक म्हणजे ४८ मिनिटांत दहा सेकंद. मिनिटभर जास्त बसलं की झालं. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांना काटे लावून घ्यायचे. नवकारसी आणि चौविहारासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका, तिथे सूर्य बघायचा आणि पंचांगातला कोठा. पुण्यात नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य सहाच्या आत मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या सुमारास, घड्याळ बिचारं ते काय सांगणार? घड्याळातली वेळ ही तशीही माणसांनी आपसांत ठरवलेली गोष्ट. १९०६ पासून देशाची एक प्रमाणवेळ झाली, तरी मुंबईतली काही घड्याळं १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागची मुंबई वेळ दाखवत होती.

गेल्या सहा वर्षांत अशी अकरा रॉस्कॉफ पद्धतीची घड्याळं मी चालू केली आणि ती आपल्यातल्याच अकराजणींकडे आहेत. काही काकांच्या डब्यातली, काही जुन्या बाजारातली. बुधवारी आणि रविवारी तिथे गेलं की भांड्यांच्या, नळांच्या ढिगाऱ्यात कधीतरी एखादं सापडतं. माझ्याकडे एकाच वेळी तीनपेक्षा जास्त घड्याळं राहणार नाहीत अशी मर्यादा मी केली आहे, कारण हा छंद हळूच संग्रह होतो आणि संग्रह हळूच मालकी होतो. मी लोकांची कपाटं पाहिली आहेत, दोनशे दोनशे घड्याळं, एकही चालू नाही. गांधीजींकडे कमरेला अडकवलेलं एक खिशातलं घड्याळ असायचं. ते वापरायचे, मिनिटामिनिटाला बघायचे. २००९ मध्ये त्यांचं एक झेनिथचं घड्याळ, चष्मा, चपला आणि ताटवाटीसह न्यूयॉर्कला लिलावात १८ लाख डॉलरला गेलं. घड्याळाच्या नशिबी काय येईल सांगता येत नाही.

पण पच्चक्खाण घेतल्याने सगळं सोपं झालं असं नाही. मागच्या वर्षी माझ्या नणंदेने तिच्या सासऱ्यांचं घड्याळ आणलं. सोन्याचा मुलामा, सुंदर तबकडी. उघडलं तर पॅलेटचा एक खडा सैल. पाच मिनिटांचं काम, पण दिवा आणि लाख लागणार. मी नाही म्हटलं. वन्सं म्हणाल्या, "परक्यांची अकरा घड्याळं केलीस आणि घरचं एक होत नाही?" मी कारण सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. "मग काकांकडे दे, ते करतील." आणि इथेच मी अडले. मी करणार नाही आणि काकांकडून करून घेणार, हे कसलं पच्चक्खाण? करणं आणि करवणं या दोन्हींचा त्याग करतो ना आपण? मी त्यांना घड्याळ परत दिलं. त्या स्वतःच काकांकडे गेल्या, काकांनी ते दुसऱ्या कारागिराकडून करवलं, आता ते छान चालतं. वन्सं अजून माझ्याशी थोडं अंतर ठेवून बोलतात. दुकानाचा पत्ता मात्र त्यांनी माझ्याकडूनच घेतला होता. पत्ता सांगणं हे करवण्यात येतं का? मला उत्तर मिळालेलं नाही. तुमच्यापैकी कुणी अभ्यास केला असेल तर जरूर सांगा, मी मनापासून विचारते आहे.

बाई आता ८६ वर्षांच्या आहेत. सामायिकात त्यांच्यासमोर रॉस्कॉफ असतं, लोकरीच्या पिशवीत. दादांचं घड्याळ त्यांनी टाकलं नाही, विकलं नाही, नातीला द्यायचं ठरवलं आहे आणि नातीला त्यात काय आहे तेही सांगून ठेवलं आहे. रोज पहाटे बैठकीवर बसण्याआधी त्या डबा उघडतात, त्या घड्याळाला चावी देतात, कानाला लावतात, परत धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवतात. मग हात धुतात, मुहपत्ती बांधतात आणि पाठ सुरू करतात. मी त्यांना त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

एक कामाची सूचना. घरात जुनं चावीचं घड्याळ असेल तर ते चालू होतं का बघायला नुसतीच चावी देत बसू नका. आतलं तेल वाळलेलं असेल तर भाग झिजतात. शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेल तर अजिबात घालू नका. मागचं झाकण सुरीने उघडू नका. सुती कापडात गुंडाळून, स्पीकर आणि मोबाईलपासून लांब ठेवून आणा. मी दुपारी दोन ते चार, खिडकीतल्या उजेडात काम करते. रात्री दिव्याखाली करत नाही, पाखरं येतात. पावसाळ्यात दमट हवेमुळे आणि जीवांमुळे घड्याळं उघडणं बंद असतं, म्हणून चातुर्मासात सामायिकासाठी हवं असेल तर आषाढी चौदसच्या महिनाभर आधी तरी सांगा. सध्या माझ्याकडे दोन आहेत, म्हणजे एकाची जागा रिकामी आहे.

जय जिनेंद्र.